पंगतीत समुद्र निघाला तर

लग्नाच्या पंगतीत शेजारी एखादा पर्यावरणवाला बसलाच, आणि कार्बन डायऑक्साइडनं समुद्र बिघडतोय म्हणालाच, तर मठ्ठ्याचा पेला खाली न ठेवता विचारा, "झाडं काय खातात हो?" तेच ना? मग समुद्रातल्या सूक्ष्म जिवांना ते जास्त मिळालं तर बिघडलं कुठं? आपण सोडतो त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र गिळतो. याला अन्नदान म्हणतात.

तो सामूवर (पीएच; हा आकडा जितका खाली, तितकं पाणी आम्ल) येईल. 8.2 चा 8.1 झाला म्हणेल. हसा. एक दशांश! त्या एका दशांशात आम्लता सुमारे 26 टक्क्यांनी वाढते, हे त्याच्या तोंडून निघायच्या आत जिलबी वाढायला सांगा.

संशोधनाचा आधार मात्र हवा. एमिलियानिया हक्सलेयी नावाचं एक शैवाल अंगावर चुन्याच्या चकत्यांचं चिलखत घालून फिरतं. 2000 साली प्रयोगात जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये ते चिलखत पातळ, वेडंवाकडं झालं. ते वर्ष विसरा. 2008 साली दुसऱ्या गटाला तेच चिलखत जाड झालेलं दिसलं. ते वर्ष पाठ करा. ट्रायकोडेस्मियमचंही तसंच. उन्हाळ्याच्या तोंडावर कोकणच्या समुद्रात लाकडाच्या भुशासारखं तरंगतं ते, हवेतल्या नायट्रोजनचं खत करणारं. 2007 च्या प्रयोगात त्याचं खत वाढलं, तेवढं सांगा. 2017 साली लोह कमी असलेल्या पाण्यात, सामू घसरल्यावर तेच खत घटलं, पण तेव्हा तुम्ही गावाला गेला होतात.

प्रोक्लोरोकॉकसचं नाव चुकूनही काढू नका. समुद्रात प्रकाशसंश्लेषण करणारा हा सगळ्यात छोटा जीव. संसार इतका आटोपशीर, की हायड्रोजन पेरॉक्साइड (तेच, जखम धुवायचं) निपटणारं विकरसुद्धा (एन्झाइम) स्वतःकडे नाही. ते काम शेजारचा अल्टरोमोनास जिवाणू करून देतो. प्रयोगशाळेत हवेतला कार्बन डायऑक्साइड 800 पीपीएमवर (दहा लाखांत 800 भाग) नेला, तर शेजाऱ्यानं ते विकर बनवणं कमी केलं आणि प्रोक्लोरोकॉकस भराभर मरू लागला. खाणं वाढलं, शेजारधर्म बुडाला. सोसायटीत राहणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण पंगतीत कशाला?

आणि 800 ला अजून अवकाश आहे. 1958 साली हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतलं प्रमाण मोजायला लागले तेव्हा 315 होतं, आता कुठं 420 ओलांडलंय. तोवर पंगत उठते. विडा लावताना चुना जरा जास्तच घ्या. समुद्रात त्याचे हाल होतील म्हणतात, पण ते 2000 सालचं.