मॅजिकार्पची सेवाज्येष्ठता

मानेवरचा लाल रंग अजून गेलेला नाही. खोबरेल तेल झालं, बेसन झालं, बायकोने सुचवलेलं रॉकेल तेवढं राहिलंय. सॅटिनचं कापड घेताना दुकानदार म्हणाला होता की याचा रंग अजिबात जात नाही. माणूस शब्दाचा पक्का निघाला.

शनिवारी भाच्याचा आठवा वाढदिवस झाला. हल्ली वाढदिवसाला थीम लागते. यंदाची थीम पोकेमॉन, म्हणजे जपानी खेळ-कार्टूनमधले काल्पनिक प्राणी, होती आणि घरातल्या मोठ्यांना सोंगं वाटून द्यायचे सर्वाधिकार उत्सवमूर्तीकडे होते. भाऊजींना कार्टूनचा नायक ॲश मिळाला, म्हणजे एक टोपी. टोपी घातली की झाले ॲश. वरून समोसे खायला दोन्ही हात मोकळे. ताईला नर्स जॉय. मला म्हणाला, "मामा, तू मॅजिकार्प."

"हा काय करतो?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काहीच नाही. नुसत्या उड्या मारतो. म्हणून तर तू. आई म्हणते, मामा घरीच असतो."

मी घरी बसून चार व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, त्यांची जीएसटीची विवरणपत्रं भरतो, महिन्याच्या वीस तारखेला माझा रक्तदाब बघण्यासारखा असतो. पण घरात लॅपटॉप उघडून बसलेला माणूस म्हणजे आमच्याकडे रिकामा माणूस. गॅसवाला येणार, मामा आहे. कुरिअर यायचंय, मामा आहे. मासा व्हायचंय, मामा आहेच.

सोंग मिळालं की अभ्यास आला. भाच्याने माझी रीतसर तोंडी परीक्षा घेतली. मॅजिकार्प हा पाण्यातला पोकेमॉन, नंबर 129. जपानमध्ये 1996 साली गेम बॉयवर पहिला खेळ निघाला तेव्हापासून हा आहे. त्या खेळात माउंट मूनजवळ एक विक्रेता भेटतो आणि 500 ला हा मासा तुमच्या गळ्यात मारतो. माल परत घेतला जात नाही. (पुढच्या खेळांतही असला विक्रेता मधूनच उगवतो. हा धंदा कधी बसत नाही.) कार्टूनमध्ये टीम रॉकेट या खलनायक टोळीतला जेम्स जहाजावर अशाच एका गोडबोल्याकडून मॅजिकार्प घेतो, फसलोय हे कळल्यावर वैतागून त्याला लाथ मारून समुद्रात ढकलतो, आणि तिथेच त्याचा अक्राळविक्राळ ग्याराडोस होतो. हा प्रसंग सांगताना भाच्याचे डोळे चकाकत होते आणि नजर माझ्या कमरेवर होती. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं, पण ताईने पुढ्यात शिरा ठेवला.

पोशाख बघण्यासारखा होता. लाल सॅटिनच्या आत दोन इंच फोम, डोक्यावर पिवळा मुकुटासारखा पर, आणि माशाच्या उघड्या तोंडातून माझं तोंड बाहेर. दोन्ही हात परांच्या आत शिवून टाकलेले. पाय शेपटीत एकत्र बांधलेले, त्यामुळे पुढे सरकायचं तर उडीच मारावी लागे. मिशा म्हणून ताईने पांढऱ्या वायरचे दोन तुकडे लावले होते. भाचा बघून म्हणाला, "आई, पांढऱ्या मिशा मादीला असतात. नराच्या पिवळ्या." पिवळी वायर घरात नव्हती. "चालेल, मामाला काय फरक पडतो," ताई म्हणाली. आणि मॅजिकार्पचं वजन 10 किलो असतं ही माहिती भाच्याने हॉलच्या दारात, सर्व पाहुण्यांसमोर, माझ्या पोटाकडे बघत दिली.

हॉलमध्ये पोरांनी स्पंजचे लाल-पांढरे पोके बॉल मारायला सुरुवात केली. मी उड्या मारत कोपऱ्याकडे निघालो. कोपऱ्यात खुर्ची टाकून तात्या बसले होते.

तात्या म्हणजे ताईचे सासरे. पाटबंधारे खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त. माणूस निवृत्त झाला, खातं अजून झालेलं नाही. एका हातात कागदी प्लेट, प्लेटमध्ये दोन समोसे. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं, नव्या पाइपलाइनची पाहणी करावी तसं.

"काय हो मामा, हे काय?"

"मासा आहे, तात्या."

"ते दिसतंय. कुठला?"

"मॅजिकार्प."

"कार्प!" तात्या खुर्चीत सरळ झाले. "कटला, रोहू की मृगळ? आमच्या जलाशयात तिन्हीचं बीज सोडायचे."

"यातला नाही. जपानी आहे."

"म्हणजे सायप्रिनस." नोंद झाली. तात्यांनी समोसा मधोमध फोडला, आतली वाफ जाऊ दिली, वाटाणे एका बाजूला काढले. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. "पोहतो कसा?"

"नीट नाही पोहता येत. प्रवाह नेईल तिकडे वाहत जातो. पाणी साठेल तिथे हेच गोळा झालेले असतात."

"गेटपाशी," तात्या मान हलवून म्हणाले. "मग काम काय याचं?"

"उड्या मारणं."

"त्याने काय होतं?"

"काही होत नाही. खेळात तसं लिहूनच येतं, की काहीच झालं नाही."

तात्यांचा हात चटणीच्या वाटीवर थांबला. "लेखी?"

"लेखी."

"धाडस आहे हो. आमच्याकडे काही झालं नाही तर 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहायची पद्धत होती. काहीच झालं नाही असं लिहिणारा अधिकारी मी उभ्या नोकरीत पाहिला नाही." एक पोके बॉल माझ्या कानफटात बसला. तात्यांनी पोराकडे कौतुकाने पाहिलं आणि पुढचा प्रश्न काढला. "उंच मारतो का उडी?"

उत्तर माझ्याकडे होतं. पोकेडेक्स म्हणजे खेळातला पोकेमॉनांचा माहितीकोश, त्याच्या एका नोंदीत लिहिलंय की हा क्वचित उंच उडतो, पण सात फुटांच्या वर कधीच नाही. दुसऱ्या नोंदीत लिहिलंय की बरीच वर्षं जगलेला मॅजिकार्प डोंगर ओलांडून उडी मारतो. मात्र ती उडी तेव्हाही निरुपयोगीच.

"दोन अहवाल, दोन आकडे," तात्या म्हणाले. "एक जागेवर जाऊन केलेला, एक ऑफिसात बसून. बढतीचं काय?"

"विसाव्या पातळीला ग्याराडोस होतो. साडेसहा मीटर लांब, 235 किलो."

"आणि त्याच्या आधी?"

"नव्वद सेंटिमीटर. 10 किलो."

"मधली पदं?"

"नाहीत. थेट."

तात्यांनी प्लेट मांडीवर ठेवली. विषय आता त्यांच्या अंगणात आला होता. "हे बघा मामा. आमच्या वेळी 12 आणि 24 वर्षांनी बढतीचा लाभ मिळायचा. आता आश्वासित प्रगती योजनेत 10, 20 आणि 30. म्हणजे विसाव्याला मिळतो तो तुमचा दुसरा लाभ. पहिला दहाव्याला द्यायला हवा होता. दिला?"

"तात्या, ती वर्षं नाहीत, पातळ्या आहेत."

"तेच ते. दिला का?"

"पंधराव्याला धडक मारायला शिकतो."

"पाचाचा विलंब. थकबाकी निघते." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि कागदी रुमालावर पाच लिहून त्याभोवती गोल केला. "तोवर काम कसं भागवतात?"

आता खेळातली युक्ती सांगणं आलं. मॅजिकार्पला लढायला आधी पाठवतात आणि शत्रू दिसला की लगेच मागे घेतात. लढतो दुसराच, पण अनुभवाचा वाटा यालाही मिळतो. असं करत करत तो विसाव्याला पोचतो.

"म्हणजे साइटला भेट द्यायची, फोटो काढायचा आणि परत यायचं. असे एक साहेब होते आमच्याकडे. पुढे मुख्य अभियंता झाले." तात्या क्षणभर जुन्या रागात गेले. मग सावरून म्हणाले, "आणि ग्याराडोस झाल्यावर अधिकार काय?"

"तो पाण्यातला आणि उडणारा अशा दोन्ही वर्गांत धरतात. पण 'फ्लाय' नावाची विद्या त्याला शिकता येत नाही."

"पदनाम आहे, अधिकार नाहीत," तात्या समाधानाने म्हणाले आणि दुसरा समोसाही त्यांनी स्वतःच संपवला.

मला इथे थोडं गंभीर बोलायचंय. माणसं मॅजिकार्पवर प्रेम करतात असं म्हणतात, ते खोटं आहे. माणसं ग्याराडोसवर प्रेम करतात आणि मॅजिकार्पला तोवर सांभाळून घेतात. चिनी दंतकथेत कार्प मासा धबधबा चढून ड्रॅगन होतो. सगळ्यांना ती आवडते, कारण तिच्यात एक मासा पोचतो. बाकीचे धबधब्याखाली आपटत राहिले, त्यांचं नाव कोणी घेत नाही. पोकेमॉन गो या मोबाईलवरच्या खेळात मॅजिकार्पचा ग्याराडोस करायला 400 कँडी लागतात. इतर बऱ्याच जणांचं 25 किंवा 50 मध्ये भागतं. म्हणजे सर्वांत दुबळ्याकडूनच सर्वांत जास्त वसुली! आणि 2017 साली खास याच्यासाठी मोबाईलवर एक खेळ काढला, त्यात त्याने फक्त उंच उड्या मारायच्या. त्या खेळात वर लटकलेल्या फळावर उडी मारायला गेलं तर पिजिओटो नावाचा पक्षी येऊन त्याला उचलूनही नेतो. गंमत म्हणे. "सध्या काय चाललंय? नवीन काही?" असं लग्नकार्यात विचारणारे नातेवाईक त्याच जातीचे, त्यांना आत्ताच्या माझ्यात रस नसतो, पुढच्या हप्त्यात असतो.

त्यातल्या त्यात जपान्यांना निदान थोडी लाज आहे. निईगाता प्रांतातल्या ओजिया गावात रंगीत कोई माशांची पैदास होते, तिथे त्यांनी रस्त्यातल्या मॅनहोलच्या झाकणांवर मॅजिकार्पची सुंदर चित्रं लावलीयत. आमच्या गल्लीत मॅनहोलला झाकणच नाही. त्यात झाडाची एक फांदी खोचलीय आणि फांदीला लाल चिंधी. पावसात त्या फांदीला पालवी फुटली. तक्रार मी केली, कारण मी घरी असतो. उत्तर आलं, 'कार्यवाही सुरू आहे.' तात्या म्हणतात त्यात खोट नाही.

तर मुख्य अपमान पुढेच आहे. केक कापायच्या आधी माईकवाला ओरडला, "आणि आता मॅजिकार्पची उत्क्रांती!" मला पडद्यामागे जायला सांगितलं. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चला, पोशाख बदलेल, हात मोकळे होतील, निळा भयंकर ग्याराडोस होऊन एकदा त्या टोपीवाल्याच्या अंगावर धावून जाता येईल. मी उड्या मारत पडद्यामागे गेलो. धूर सोडला. संगीत वाजलं. आणि दुसऱ्या बाजूने कार्यक्रमवाल्या कंपनीची दोन ताजीतवानी पोरं लांबलचक निळ्या कापडात शिरून स्टेजवर गेली. टाळ्या, शिट्ट्या, पोरांच्या किंकाळ्या. तासभर उड्या मी मारल्या, बॉल मी खाल्ले, आणि ग्याराडोस झाले ते रोजंदारीवर आलेले दोघे.

मी पडद्यामागे सरबताच्या क्रेटशेजारी उभा होतो. बसता येत नव्हतं. चेन पाठीवर होती आणि हात परांत. बाहेर 'हॅपी बर्थडे' सुरू झालं, केकच्या बशा फिरल्याचा आवाज आला. कोणालाही एक मासा कमी असल्याचं जाणवलं नाही. शेवटी पडदा बाजूला झाला. तात्या बाथरूम शोधत आले होते.

"तुम्ही इथे? मग तो बाहेर निळा कोण?"

"कंपनीची माणसं."

"म्हणजे तुमची बढती झालीच नाही?"

"नाही."

तात्यांचा चेहरा लाल झाला. माझ्या अपमानाने संतापलेला हॉलमधला हा एकमेव माणूस. "पदोन्नतीचं पद सरळसेवेने भरलं! ज्येष्ठ उमेदवार कार्यरत असताना! मामा, हे मॅटमध्ये, प्रशासकीय न्यायाधिकरणात, टिकत नाही. मी सांगतो, हे एक तारीख टिकत नाही."

"तात्या, आधी जरा मागची चेन..."

"चेन नंतर. पुरावा आहे तो. आहे त्या स्थितीत फोटो काढून ठेवू." त्यांनी काढला. पुढून, बाजूने, आणि शेपटीचा वेगळा.

रविवारपासून त्यांचे फोन चालू आहेत. अर्जाचा मसुदा तयार आहे, मागणी मानीव दिनांकाची, म्हणजे बढती मागच्या तारखेपासून धरण्याची, आणि थकबाकीची आहे, सोबत कागदी रुमाल जोडलाय. अडलंय फक्त प्रतिवादीच्या नावावर. निर्णय घेणारा आठ वर्षांचा, म्हणजे कायद्याने अज्ञान, तेव्हा नोटीस पालकामार्फत द्यावी लागणार आणि पालक म्हणजे तात्यांचाच मुलगा. मी म्हटलं, जाऊ द्या, घरातली गोष्ट आहे. तात्या ऐकत नाहीत. त्या टोपीची नेमणूक कुठल्या निकषावर झाली याचीही याच अर्जात चौकशी मागू, असं ते म्हणतात.