मळ नाही, दगड निघतोय!

सकाळपासून तो व्हिडिओ डोक्यातून जात नाहीये. नदीकाठी एका मोठ्या नेत्याचं स्मारक (गाव मुद्दाम लिहीत नाही), पूर नुकताच ओसरलेला, चौथऱ्यावर गाळ, आणि एक पोरगा उघड्या हातांनी बाटलीतलं ॲसिड ओततोय. फसफस फेस. मागून आवाज, "बघा, मळ कसा निघतोय!"

अहो, मळ नाही, संगमरवर विरघळतोय! तो दगड चुन्याच्याच जातीचा. ॲसिड पडलं की पॉलिश गेलं, आणि काळा संगमरवर असेल तर पांढुरके चट्टे कायमचे.

राजघाट आठवा. 31 जानेवारी 1948 ला गांधीजींना अग्नी दिला, त्या जागेवरचा काळा चौथरा. जुलै 2023 मध्ये यमुना 208.66 मीटरवर गेली; धोक्याची पातळी 205.33. नाल्याच्या तोंडावरचा रेग्युलेटर (पाणी अडवणारं दार) निकामी झाला आणि नदी उलटी शहरात शिरली. राजघाटाच्या आवारातही पाणी. नदीकाठच्या स्मारकांचं दुखणं बहुतेकदा हेच. पावसाचं पाणी ज्या वाटेनं बाहेर काढायचं, त्याच वाटेनं पूर आत येतो. तिथे एकतर्फी झडप हवी, आणि मे महिन्यातच ती उघडून-मिटून बघायला हवी. एखादी चिंधी अडकली तरी ती पुरती मिटत नाही. पण झडपेला हार घालता येत नाही ना, मग तिकडे कोण फिरकणार!

बरं, गाळ आलाच तर तो वाळू देऊ नका. त्यातले रेतीचे कण संगमरवरापेक्षा कितीतरी कठीण; कोरडं फडकं फिरवलं की ओरखडे. साध्या नळीनं, वरून खाली, धार हलकी. जेट पंपानं सांध्यांतला मसाला उडतो आणि पाणी आत मुरतं. मऊ नायलॉनचा ब्रश, चमचाभर सौम्य साबण बादलीभर पाण्यात, मग भरपूर स्वच्छ पाणी. नंतर काही आठवडे दगड नुसता वाळू द्यायचा. लोणा फुटेल, म्हणजे दगडातले क्षार पांढरे होऊन वर येतील; तो कोरड्या मऊ ब्रशनं झाडून उचलायचा. धुवायचा नाही, धुतला की क्षार परत आत. घाईनं वॅक्स किंवा सीलर लावलात तर ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात.

जयंती तोंडावर असते, वरून फोन येतात, मान्य. म्हणून ॲसिड?

तो फेस पुन्हा बघितला आत्ता. पोराला रागावू नका कुणी. सांगितलं ते केलं त्यानं. निदान हातमोजे तरी द्यायचे होते.