शेतीआधीचा माणूस म्हणे मासा हाताने धरायचा अन् कच्चाच खायचा

सध्या जळगाव-धुळ्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक फॉरवर्ड जाम फिरतंय. म्हणणं असं की शेती यायच्या आधी समुद्रकाठचा माणूस निव्वळ रानटी होता, मासा हाताने धरायचा, कच्चाच खायचा, मडकं नाही, होडी नाही, मेलेल्याला तिथेच टाकून पुढे जायचा, आणि शेवटची लाईन तर कहरच, "खान्देशला समुद्रच नाही, मग आपल्याकडे त्या काळचं काय सापडणार". खाली अंगठ्यांचा पाऊस.

आधी मडक्याचंच घ्या, कारण इथे पुरावा अक्षरशः मडक्याला चिकटलेला आहे. जपानच्या जोमोन लोकांची, म्हणजे तिथल्या शेतीआधीच्या शिकार-मासेमारी करणाऱ्यांची, मडकी 15,000 वर्षांपर्यंत जुनी आणि तिथे भातशेती आली त्यानंतर कितीतरी हजार वर्षांनी. त्या खापरांच्या आत करपलेला थर होता, त्यातली चरबी तपासली आणि 2013 साली निकाल छापून आला, बहुतेक खापरांत मासे किंवा पाण्यातलेच जीव शिजवलेले. म्हणजे कालवण बुडाला लागलं, घासायचं राहून गेलं, म्हणून आज आपल्याला कळलं!

हाताने धरायचा म्हणे. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत शंख घासून केलेले गळ निघालेत, सुमारे 23,000 वर्षांपूर्वीचे, त्यातला एक तर करता करता अर्धवट सोडलेला.

होडीचं तर विचारूच नका. डेन्मार्कमध्ये टिब्रिंड विग इथे समुद्राच्या पाण्याखाली एकाच खोडातून कोरलेली, साडेनऊ मीटरच्या आसपास लांब होडी मिळाली, तिच्यात मातीचं थापून केलेलं छोटं चुलाण, बहुधा रात्री उजेड दाखवून वाम मासे मारायला. वल्ही पण मिळाली, आणि पाण्यात बुडणाऱ्या पात्यावरसुद्धा नक्षी कोरून रंग भरलेला, आता हे रानटी म्हणायचे का हौशी ते तुम्हीच ठरवा.

मेलेल्यांना टाकून जायचे हे वाचून मात्र रागच आला. त्याच डेन्मार्कात वेडबेक इथे 1975 मध्ये दफनभूमी सापडली, शेतीच्या आधीची, तिथे एका तरुण बाईशेजारी नवजात बाळ हंसाच्या पंखावर ठेवून पुरलंय. अर्थात लगेच "ते लोक किती शांत, किती प्रेमळ" असं उलटं फॉरवर्ड बनवू नका, त्याच दफनभूमीत एकाच्या मानेत हाडाचं टोक घुसलेलं मिळालंय.

समुद्रकाठी फार जुनं कमी सापडतं हे खरंय. पण कारण साधं आहे, 20,000 वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती, आपली तापी आज सुरतजवळ समुद्राला मिळते, तेव्हा तिला अजून लांबवर वाहावं लागायचं. त्या किनाऱ्यावर कोणी राहिलं असेल तर त्याचा पसारा आता पाण्याखाली गेला.

राहिला खान्देश. अरे भो, पाटणादेवीला सहलीला जाता ना? त्याच चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी उत्खनन केलं, शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, आणि कवचाच्या एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची कोरीव जाळी, वय सुमारे 25,000 वर्षं. गहू-ज्वारीचा तेव्हा पत्ताही नव्हता, समुद्र तर तेव्हा आजच्यापेक्षाही लांब, आणि शहामृग मात्र इथे हुंदडत होते.