झटक्याच्या वेळी कुत्र्याला धरू नये

कुत्र्यांच्या अपस्मारावरील (फिट येण्याच्या आजारावरील) तुमच्या लेखात औषधांची माहिती नेमकी आली आहे. परंतु झटका आल्यावर कुत्र्याला घट्ट धरून ठेवावे, हा त्यातील सल्ला मला धोक्याचा वाटतो. साताऱ्यातील आमच्या घरी मोती हा गावठी कुत्रा चार वर्षांपासून या आजाराने त्रस्त आहे. पहिल्याच झटक्यात त्याला धरायला गेलेल्या माझ्या मेहुण्यांच्या अंगठ्यात त्याचे दात रुतले (शेजारच्या आजी तेवढ्यात कांदा फोडून घेऊन आल्या होत्या, त्याचाही उपयोग नसतो). आता आम्ही केवळ आजूबाजूच्या खुर्च्या सरकवतो, दिवा मालवतो आणि घड्याळ पाहतो, कारण झटका ५ मिनिटांहून लांबला किंवा २४ तासांत पुन्हा आला, तर तातडीने पशुवैद्यकाकडे न्यावे लागते. फिनोबार्बिटोन या झटके रोखणाऱ्या औषधाची गोळी आम्ही दर १२ तासांनी, सकाळी व संध्याकाळी सातला, भाकरीच्या तुकड्यात दडवून देतो; ती परस्पर बंद केल्यास झटके अधिक जोराने उलटू शकतात. या गोळीमुळे भूक इतकी वाढते, की मोती रिकामे ताट चाटत चाटत पार अंगणाच्या टोकापर्यंत ढकलत नेतो. यकृताची आणि रक्तातील औषधाच्या पातळीची ठरावीक काळाने करावयाची तपासणी मात्र लेखातून सुटली आहे, ती कृपया जोडावी.