कोडावरचं पेशींचं ऑपरेशन आणि '१०० टक्के गॅरंटी'

व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज फिरतोय, बऱ्याच फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल, की कोडावर आता नवीन ऑपरेशन निघालंय, चांगल्या कातडीतल्या पेशी डागावर बसवतात, एकदाच करायचं, १०० टक्के रंग परत येतो, कुणालाही चालतं आणि डाग पुन्हा येत नाहीत. ऑपरेशन खरंय आणि कामाचंही आहे, म्हणूनच ही खोटी गॅरंटी वाचून जास्त राग येतो.

नवीन वगैरे काही नाही, पेशींचं द्रावण करून लावायची पद्धत १९९२ पासून आहे.

१०० टक्के म्हणाल तर २०२१ मध्ये ११७ अभ्यास, म्हणजे ८७७६ पेशंटची माहिती एकत्र करून बघितली, तेव्हा सगळ्या प्रकारची ऑपरेशनं धरून ९० टक्क्यांच्या वर रंग आला तो साधारण ५३ टक्के केसेसमध्ये, आणि नुसत्या द्रावणाच्या पद्धतीत ४७-४८ टक्के. अर्ध्याहून जास्त डाग भरला अशा मात्र ८१ टक्के, हे काही कमी नाही!

'कुणालाही चालतं' हे सगळ्यात घातक. कोडात आपलीच प्रतिकारशक्ती रंग बनवणाऱ्या पेशी मारते आणि ऑपरेशनने ते थांबत नाही, फक्त नवीन पेशी तिथे जातात, त्यामुळे आजार चालू असेल तर त्याही मरतात. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा विचारतात की निदान वर्षभर नवीन डाग आला नाहीये ना, जुना वाढला नाहीये ना. शरीराच्या एकाच बाजूला एका भागात असलेलं कोड आणि चेहरा, इथे रिझल्ट चांगले येतात, बोटांची टोकं आणि सांधे फार त्रास देतात.

कायमचं म्हणाल तर अनेकांचा रंग वर्षानुवर्षं टिकतो, पण आजार परत उठला तर बसवलेल्या जागीही डाग येऊ शकतो.

आणि लग्न ठरायच्या आत उरकून टाका म्हणून मुलींच्या मागे लागणाऱ्यांनी हे नक्की वाचा, रंग यायलाच काही महिने जातात, आजूबाजूच्या कातडीशी जुळायला कधी कधी वर्ष लागतं, मधे उन्हाचे किंवा लाइटचे उपचार असतात, आणि डाग वाढत असताना घाई केली तर मांडीवर जिथून कातडी घेतली तिथेही नवीन पांढरा डाग उठू शकतो.