उंबरठ्याबाहेर थांबलेलं भूत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची बरीच पोरं सध्या मोबाइलवर भुताच्या सिरीज काढायलेत. त्यात व्हँपायरचं, म्हणजे रक्त पिणाऱ्या भुताचं, वेड जास्त. उत्साह झकास आहे, पण बहुतेकांचं भूत दुसऱ्या भागातच विनोदी होतं आणि खाली कमेंट येते, ‘मेकअप कमी पडला.’ मेकअप कमी पडलेला नसतो हो. भुताला नियमच दिलेला नसतो.

व्हँपायरची खरी भीती सुळ्यांत नाही. घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो आत येऊ शकत नाही, यात आहे. ब्रॅम स्टोकरच्या १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’ कादंबरीत हा नियम स्पष्ट सांगितलाय: कुणीतरी एकदा आत घ्यावं लागतं, मग तो हवा तेव्हा येतो. म्हणजे कडीकुलपाचा प्रश्नच मिटला. सगळं घर सुरक्षित आहे ते घरातल्या सगळ्यात भोळ्या माणसाच्या जिभेवर. आणि आपल्याकडं तर दारात कुणी दिसलं की ‘या की आत, बाहेर का थांबलाय’ हे विचार करायच्या आधी तोंडातून निघतं. बघणाऱ्याला नियम माहीत आहे, आजीला माहीत नाही, आणि आजी हात पुसत दाराकडं निघालीय. इथं भुताचा चेहरा दाखवायची गरजच काय?

आपल्या कर्नाटकात यालाच उलटा जोड आहे: ‘नाळे बा’. १९९० च्या दशकात ही अफवा पसरली आणि लोकांनी दारांवर तसं लिहून ठेवलं. रात्री एक चेटकीण आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारते, दार उघडलं की संपलं. दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असं लिहिलेलं दिसलं की ती परत जाते. दुसऱ्या रात्री पुन्हा येते, पुन्हा वाचते, पुन्हा जाते. हसू येतं खरं, पण नीट बघा. ती हरलेली नाही, तारीख पुढं गेलीय इतकंच. (पाटी मराठीत हवी की कन्नडमध्ये, हा वाद आपल्या भागात भुतालाही चुकायचा नाही.)

नियम बदलायला हरकत नाही. उन्हानं व्हँपायर मरतो हे १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या मूकपटातून रुजलं. स्टोकरचा काउंट ड्रॅक्युला दिवसाही लंडनमध्ये फिरतो, त्याच्या शक्ती तेवढ्या तेव्हा चालत नाहीत. तुम्हीही तुमचा नियम करा. मात्र पहिल्या भागात ठरवलेलं पाचव्या भागात सोयीसाठी मोडलंत, की प्रेक्षक भुताकडं बघायचं सोडून लेखकाकडं बघतो.

दुसरी गोष्ट खुणेची. रिचर्ड बर्टननं १८७० मध्ये वेताळाच्या गोष्टी इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला सरळ ‘व्हँपायर’ करून टाकलं. ते काही जुळत नाही. सिंधुदुर्गातल्या आरवलीचा वेतोबा, म्हणजे वेताळच, तर राखणदार देव, त्याला राक्षसांच्या रांगेत बसवायचं नाही. पण त्याला वाहतात त्या भल्यामोठ्या चामडी वहाणा आठवा. रात्री गावाभोवती फेरी मारताना त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. चालणारा कुणाला दिसत नाही, दिसते ती झिजलेली टाच. सिरीजवाल्यांनी एवढं एक चोरावं.

चेहरा दाखवूनही कसं घाबरवायचं, याचा धडा ‘बफी द व्हँपायर स्लेयर’ या अमेरिकी मालिकेच्या ‘हश’ या भागात आहे (डिसेंबर १९९९). गंमत म्हणजे त्यातले राक्षस व्हँपायर नाहीतच. सुटाबुटातले, टकले, धातूसारखे दात विचकून कायम हसणारे ‘जंटलमेन’ जमिनीला पाय न लावता तरंगत येतात. आधी अख्ख्या गावाचा आवाज चोरतात, मग काळजं काढतात, सात हवीत. एक पोरगा दार उघडतो, त्यांचे हस्तक त्याला धरतात, छोटा चाकू खाली येतो, तो तोंड फाडून ओरडतो आणि आवाज येत नाही. शेजारच्या खोलीत लोक झोपलेत. नंतर काळीज बरणीत पडतं आणि बाकीचे हलक्या हातानं टाळ्या वाजवतात. एखाद्या सत्कार समारंभात वाजवाव्यात तशा. अंगावर काटा येतो तो त्या टाळ्यांनी. ४४ मिनिटांच्या भागात संवाद जेमतेम १७ मिनिटं आहेत. आपल्या मालिकांत तेवढ्या वेळात तीन जणांचे चेहरे तीन-तीनदा झूम होतात, वर ‘ढॅण’ वेगळंच.

आता हातातल्या कामाचं.

दात: दुकानात मिळणारा अख्खा प्लॅस्टिक जबडा घेऊ नका. ओठ मिटत नाहीत, लाळ गळते, ‘स’चा फुसका आवाज होतो. दोनच सुळ्यांना टोप्या करा, खऱ्या दातापेक्षा २-३ मिलिमीटर लांब, बस्स. ६० अंशांच्या आसपास गरम पाण्यात मऊ होणारे प्लॅस्टिकचे मणी मिळतात, त्यातून घडवा. जरा थंड करून दातावर दाबा आणि रबरासारखं असतानाच काढा. पूर्ण कडक होऊ दिलंत तर दाताच्या खाचेत अडकतं आणि रात्री डेंटिस्ट शोधत फिरावं लागतं.

डोळे: अख्खा डोळा काळा करणारी लेन्स सुमारे २२ मिलिमीटरची असते, साधी १४ च्या आसपास. ती घातली की नटाला धड दिसत नाही, म्हणून पायऱ्यांवरचा सीन तिच्यात नको. डोळ्याच्या डॉक्टरला न विचारता घालू नका, एकाची दुसऱ्यानं तर कधीच नको. फुकटचा उपाय जास्त चांगला आहे. माणसाच्या बुबुळात दिव्याचा बारीक ठिपका चमकतो. दिवा डोक्यावरून घ्या, समोरचं सगळं चमकणारं झाका, तो ठिपका घालवा. डोळा मेला. हनुवटीखालून टॉर्च मारायची सवय तेवढी सोडा. नटाला २० सेकंद पापणी न हलवता बघायला सांगा. माणूस मिनिटाला साधारण १५-२० वेळा पापणी लववतो, त्यामुळं काय चुकतंय ते न कळताच बघणारा अस्वस्थ होतो.

चाल: तरंगल्यासारखं दाखवायचं तर कमरेवरची फ्रेम धरून नटाला ढकलगाडीवर उभं करा. किंवा उलटं चालायला लावून शॉट उलटा फिरवा. १९७९ च्या ‘सेलम्स लॉट’ या अमेरिकी मालिकेत खिडकीबाहेर तरंगणाऱ्या पोराचा सीन उलटा चित्रित केलाय, म्हणून त्यातलं धुकंही विचित्र वागतं. धुरासाठी ऊद चालेल, पण पंखा बंद.

मोबाइल: एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती उजेड घ्यायचा ते, लॉक केलं नाही तर फोन अंधार स्वतःच उजळतो आणि भूत ट्यूबलाइटखाली उभं राहिल्यासारखं दिसतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून सेकंदाला २५ फ्रेम ठेवून शटर १/५० किंवा १/१०० सेकंद. नाहीतर एलईडीचे पट्टे लहरत राहतात.

रक्त: एक कप घट्ट लिक्विड ग्लुकोज, एक चमचा खाण्याचा लाल रंग, पाव चमचा कोको, निळ्याचा एकच थेंब. कोको नसेल तर एलईडीत गुलाबी सरबत दिसतं. मुंग्या येणारच, दोन टेकच्या मधल्या वेळात पुसून घ्या.

आवाज: खालचा घुमणारा ‘घुंऽऽ’ लावू नका. फोनच्या बारक्या स्पीकरमधून २०० हर्ट्झच्या खालचं जवळपास काहीच बाहेर पडत नाही. नखानं कडी खरवडल्याचा आवाज पोचतो. त्याहून भारी म्हणजे दोन मिनिटं रातकिडे चालू ठेवा आणि एकदम बंद करा.

मोठ्या सिरीज फसतात त्या दुसऱ्याच कारणानं. तिसऱ्या सीझनपर्यंत व्हँपायर प्रेमात पडतो, त्याचं दुःखी बालपण कळतं. मग तो नायक होतो. चांगला होतोही, पण त्याच्यामुळं दाराची कडी कुणी तपासत नाही. भूतकाळ सांगायचाच तर बळी पडलेल्याचा सांगा.

आणि भुताला भाषा द्या. आपल्या भागासारखी ही सोय फार थोड्यांना आहे. घर मराठी, वारलेल्या आजीचं माहेर गोकाककडचं, कन्नड. रोज रात्री बाहेरून मराठीत हाक येते, ‘आहात काय रे घरात?’ कुणी उघडत नाही. चौथ्या रात्री तोच मऊ आवाज कन्नडमध्ये नातवाला त्या लाडक्या नावानं बोलावतो, जे आजीशिवाय कुणी घेत नव्हतं. कॅमेरा आत, कडीवर. पोराचा हात फ्रेममध्ये येऊ द्या.