आधी फळ्या, मग फासळ्या

'डायफकेन' या जुन्या डच जहाजाच्या प्रतिकृतीवरच्या लेखात, तिच्या फासळ्या (आतून आधार देणारी वाकडी लाकडं) आधी उभारल्या असं लिहिलंय. चूक. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलमध्ये 1997 ते 1999 दरम्यान बांधलेल्या या प्रतिकृतीत जुनी डच रीत पाळली: तळाचा कणा, पुढचा-मागचा खांब, मग फळ्या, आणि फासळ्या त्यांच्या आत नंतर. लॅटव्हियाचं ओक उघड्या आगीवर तापवून, वर पाणी मारत वाकवलं. ओक फार वाळलेलं असेल तर तडकतं, घाई केली तरी तेच. फासळ्या बसेपर्यंत फळ्यांना एकत्र धरतात त्या वर खिळ्यांनी ठोकलेल्या तात्पुरत्या लाकडी पट्ट्या. काढल्यावर खिळ्यांच्या भोकांत बारीक खुंट्या ठोकाव्या लागतात, नाहीतर पाणी झिरपतं. अशाच खुंट्या जुन्या डच बुडीत जहाजांत सापडतात. आणि जुन्या डच जहाजांची मापं ॲमस्टरडॅम फुटात घ्या, म्हणजे सुमारे 28.3 सेंमी. इंग्लिश फूट धरलात तर 160 फुटी जहाज साडेतीन मीटरने फुगतं!